पहिली टाळी

आमच्या शहरात व्हायोलिनचा कार्यक्रम नेमका कुठे संपतो हे एकाच माणसाला कळतं, आणि तो चष्मे विकतो.

बाकीच्यांना तो संपला हे त्याच्याकडे बघून कळतं. तो म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणतो. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची. शेवटचा सूर तारेवरून पुरता सुटायच्या आत त्यांची टाळी पडते आणि मागचं सगळं सभागृह तिच्यावर तुटून पडतं. लोक टाळ्या वाजवत असतात तेव्हा दादा उठून दाराकडे निघालेले असतात. गर्दीच्या आधी चहा घेणारा आमच्या शहरातला हा एकमेव रसिक.

लोकांना वाटतं, काय ही जाण! सभागृहातल्या निम्म्या नाकांवर दादांच्याच दुकानातला माल असल्यामुळे त्यांना दादा स्पष्टही दिसतात. पण खरी गोष्ट घरातल्यांनाच ठाऊक आहे. लहानपणी माझी बायको, म्हणजे तेव्हाची आणि दादांच्या लेखी अजूनची चिमी, रोज संध्याकाळी व्हायोलिनचा सराव करायची. ती मधली पानं गाळते असा सासऱ्यांचा संशय होता, म्हणून दादांना समोर खुर्चीत बसवलं जाई. रचना पुरी झाली की चिमीने म्हणायचं, "दादा, संपलं." मग दादांनी स्वयंपाकघरात आईला ऐकू जाईल अशी टाळी वाजवायची, आतून "जा" असा आवाज यायचा आणि दादा मैदानाकडे पळायचे. मैदानावर मित्र चेंडू घेऊन खोळंबलेले. त्यामुळे कुठल्या रचनेत कुठला सूर आपल्याला सोडवणार हे दादांच्या अंगात भिनलं. संगीताची इतकी अचूक जाण निव्वळ आवडीने येत नाही. त्याला सुटकेची ओढ लागते.

हे सगळं सुखाने चाललं होतं. पण बाहेरच्या एका कंपनीने ठरवलं की एकेका देशातला एक कलाकार त्याच्याच लोकांसमोर वाजवताना रेकॉर्ड करायचा. आमच्याकडून चिमीची निवड झाली. स्टुडिओतल्या रेकॉर्ड तिच्या चार झाल्या होत्या आणि चारही तिला आवडत नाहीत. "भिंतीला वाजवून दाखवल्यासारखं वाटतं," म्हणते. समोर माणसं असताना ती जशी वाजवते, तसं तिचं वाजवणं मागे राहावं, एवढी एकच इच्छा तिने मला लग्नाच्या आधी सांगितली होती. बाकीच्या नंतर सांगितल्या.

दोनदा रेकॉर्डिंग झालं, दोनदा कंपनीने परत पाठवलं. दोन्ही वेळा एकच कारण. शेवटच्या सुरात टाळी घुसली होती.

तिसऱ्या खेपेला रेकॉर्डिस्ट स्वतः आमच्या घरी आला. माणूस मूळचा इकडचाच, पण नोकरीनिमित्त निम्म्या जगातली सभागृहं ऐकून झालेला. हेडफोन गळ्यातून उतरत नसत, म्हणून वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, पाहिल्या पाहिल्या त्याचं नाव कानसाहेब ठेवलं.

"ही शेवटची संधी," कानसाहेब चहा घेत म्हणाले. "या वेळी जमलं नाही तर कंपनी पुढच्या देशात जाईल."

"आणि पुढच्या देशातले लोक काय मोठे गुणी असतात?" वहिनींनी विचारलं.

"प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एके ठिकाणी तालावर टाळ्या धरतात. सुरुवातीला बरं वाटतं, मग वेग वाढत जातो आणि कलाकार मागून धावतो. रेकॉर्ड ऐकताना गाडी चुकलेला माणूस डोळ्यासमोर येतो. दुसरीकडे रचनेच्या दोन भागांच्या मध्ये खोकतात. वाजवणं चालू असताना एक खोकला नाही, सगळा राखून ठेवतात."

"आणि शिंक?"

"शिंकणारा माणूस तिकीटच काढत नाही. एका देशात शिट्टी म्हणजे शाबासकी, शेजारच्या देशात शिट्टी म्हणजे चालते व्हा. सीमेवरच्या गावात वाजवून आलेल्या कलाकाराला आपलं काय झालं ते अजून कळलेलं नाही. पण सगळ्यांत अवघड तो उत्तरेकडचा थंडीचा देश. शेवटचा सूर विरेपर्यंत श्वास सोडत नाहीत. मग नीट टाळ्या वाजवतात. उभं मात्र कोणी राहत नाही. उभं राहणं त्यांना आगाऊपणा वाटतो."

"आणि आमचे लोक?" चिमीने विचारलं.

"चांगले आहेत. जरा घाईत असतात." कानसाहेबांनी दादांकडे पाहिलं.

"लोकांना शिस्तच नाही," दादा बिस्कीट बुडवत म्हणाले.

कानसाहेबांनी मग सरळच विचारलं, दादा या वेळी मागे बाल्कनीत बसतील का.

"दादा समोर नसेल तर मी वाजवणार नाही," चिमी म्हणाली. "तो खुर्चीत दिसला नाही की मला सराव बुडवल्यासारखं वाटतं."

"तुम्ही काळजी करू नका," दादा कानसाहेबांना म्हणाले. "मी टाळीच वाजवणार नाही. शब्द देतो."

"यांच्या शब्दाचं काही नाही, तो पक्का असतो," वहिनी म्हणाल्या. "हातांचा भरवसा नाही. हात मी धरते."

रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत वहिनींनी दादांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घट्ट धरले होते. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या जोडप्याने असं बसणं आमच्या शहराने पाहिलं नव्हतं. मागच्या रांगेत कुजबुज झाली. माझ्या शेजारच्या डॉक्टरांनीही चाचपडत बायकोच्या हाताकडे हात नेला. तिने त्यात कार्यक्रमपत्रिका ठेवली.

चिमी त्या दिवशी जे वाजवत होती त्याचं वर्णन मी करणार नाही. मी नवरा आहे, माझी साक्ष धरत नाहीत. एवढंच सांगतो की घरी महिनाभर मी रोज ऐकलेली रचना मला तिथे नवीन वाटली. समोर माणसं असली की ती मधल्या भागात किंचित थांबते, जणू विचारते, आहात ना? सभागृह होतं. शेवटचा लांब सूर बारीक होत होत कुठे गेला ते कळलंच नाही. गज तारेवरून उचलला गेला. बाजूच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत, काचेमागे, कानसाहेबांचा अंगठा वर आला.

टाळी नाही.

सगळं सभागृह दादांच्या डोक्याच्या मागच्या भागाकडे बघत होतं. दादा हलत नव्हते. म्हणजे अजून संपलेलं नव्हतं.

"अजून आहे वाटतं," डॉक्टर पुटपुटले.

मी का वाजवली नाही, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. बायकोसाठी पहिली टाळी नवऱ्याने वाजवली तर वर्षभर बोलायला विषय होतो. शिवाय खरं सांगायचं तर, संपलंय याची मलाही खात्री नव्हती.

काचेमागे कानसाहेबांचा अंगठा खाली गेला होता. आता ते दोन्ही हातांनी टाळ्यांची खूण करत होते. लोकांना वाटलं, आत डास झालेत. चिमी गज हवेत धरून उभी होती. तिला वाटत होतं, नाही आवडलं.

वहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी दादांचे हात सोडले. "वाजवा आता."

"शब्द दिलाय."

"अहो, मी सांगतेय."

"तुला कुठे दिलाय? त्यांना दिलाय." दादांनी मान न वळवता काचेकडे बोट केलं.

चिमीने खाली पाहिलं. खुर्चीत दादा, हात गुडघ्यांवर, नजर तिच्यावर. तिने व्हायोलिन खाली घेतलं आणि मी आजवर न ऐकलेल्या, दहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात म्हणाली, "दादा, संपलं."

टाळी पडली. स्वयंपाकघरापर्यंत जाईल अशी. आणि मग छप्पर उडायचं बाकी राहिलं. दादा चहाला निघून गेले.

आत खोलीत कानसाहेब डोकं धरून बसले होते. "सूर मिळाला. शांतता तर एवढी मिळाली की इतर देशांना वाटता येईल. पण ते वाक्य! ते कापावं लागेल."

"कापायचं नाही," चिमी म्हणाली.

"कंपनीला काय सांगू?"

"सांगा, आमच्याकडे असंच संपतं."

कानसाहेबांनी तसंच सांगितलं. कंपनी ते मनापासून मानायला तयार होती. रेकॉर्डबरोबरच्या पुस्तिकेत एका विद्वानाने त्या वाक्यावर पानभर लिहिलं. कलाकार आपल्या पूर्वजाला रचना अर्पण करतो, अर्थ साधारण असा, की 'हे ज्येष्ठा, पूर्णत्व आले'. पूर्वजांनी तो मजकूर दुकानात काचेखाली लावला आहे.

रेकॉर्ड चालली. सगळ्यांत जास्त त्या थंडीच्या देशात चालली. तिथून बोलावणं आलं तेव्हा चिमीने अट घातली की दादा बरोबर येणार. दादांनी दुकानाला कुलूप लावलं. वहिनींनी चौघांचे स्वेटर काढले.

तिथलं सभागृह आमच्या चौपट मोठं. पहिल्या रांगेत आम्ही तिघे. चिमीने तीच रचना वाजवली. शेवटचा सूर विरला आणि कानसाहेबांनी सांगितलं होतं तसं कोणी श्वास सोडला नाही. पण पुढेही सोडला नाही. हजारो माणसं रेकॉर्ड पाठ करून आली होती आणि त्या वाक्याची वाट बघत होती.

चिमीने या वेळी गज सावकाश खाली घेतला. तिने लोकांना थोडं थांबू दिलं. चांगलं वाटलं असणार तिला. मग हसून खाली बघत म्हणाली, "दादा, संपलं."

दादांनी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. आणि सवयीप्रमाणे दादा उठून उभे राहिले.

मागच्या रांगेने ते पाहिलं. हा माणूस कलाकाराच्याच देशातला, वयाने वडील, पहिली टाळी याचीच. म्हणजे रीत याला ठाऊक असणार. मागची रांग उभी राहिली. मग तिच्या मागची. वर बाल्कनीत खुर्च्या खडखडत बंद झाल्या. पडद्याच्या कडेला कानसाहेबांनी हेडफोन काढले आणि नुसत्या कानांनी ऐकायला लागले.

वहिनींनी दादांची बाही धरायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. सगळं सभागृह उभं होतं, व्यासपीठावर चिमी वाकून नमस्कार करत होती, आणि दादा दारापाशी पोचून तिथल्या मुलीला खुणेने विचारत होते, इथे चहा कुठे मिळतो.