पंचाची आई

यंत्राने चौथ्यांदा नकार दिला. काचेखाली लाल दिवा लागला आणि पलीकडे बसलेला व्हिसा कार्यालयातला कारकून म्हणाला, "मावशी, दाबू नका. अंगठा नुसता टेकवा."

मावशींनी नुसता टेकवला. पुन्हा लाल. मग कारकुनाने त्यांचा हात आपल्याकडे ओढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठा उजेडात धरून पाहिला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. बाकीची बोटंही त्याच वळणाची.

"काम काय करता?"

"हॉस्पिटलच्या धुलाईघरात आहे. एकतीस वर्षं झाली."

"रेषाच उरल्या नाहीत की हो."

"कपाळावर आहेत भरपूर. त्यांचा छापा घ्या."

कारकुनाला हसू आलं, पण यंत्राला थोडंच येणार होतं? ठसे नाहीत तर व्हिसा नाही. त्याने मावशींना नीट समजावलं. दहा दिवस हात पाण्यात घालायचे नाहीत, साबण, सोडा, गरम कपडा, कशालाही शिवायचं नाही, झोपताना ग्लिसरीन चोळायचं. रेषा परत येतात, त्याने पाहिलेलं होतं. मग त्याने अर्ज उलटून प्रवासाचं कारण वाचलं, आणि शनिवार-रविवारसाठी एवढ्या लांब फुटबॉलचा सामना बघायला निघालेल्या या बाईकडे वर मान करून पाहिलं.

"मुलगी खेळते का तुमची?"

"खेळत नाही," मावशी म्हणाल्या. "खेळवते. पंच आहे."

हे सांगताना त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. आजवर हे वाक्य त्यांनी कितीतरी लोकांना सांगितलं होतं, पण कचेरीत, शिक्क्यांच्या समोर, पहिल्यांदाच.

लेकीला धुलाईघरात सगळे शिट्टी म्हणत. पंधराव्या वर्षी गुडघा दुखावला, खेळणं सुटलं आणि ती वस्तीतल्या पोरांच्या सामन्यांत शिट्टी फुंकायला लागली, तेव्हापासूनचं ते नाव. बाप ती आठ वर्षांची असतानाच गेला होता. आई सकाळी सातला कामावर, पोर मैदानावर. शिट्टी मोठी झाली, परीक्षा देत देत वर चढली, आणि आता दोन देशांमधल्या महिलांच्या सामन्यात मधली, म्हणजे मुख्य पंच म्हणून तिची नेमणूक झाली होती. दोन्हींपैकी एकही देश आपला नव्हता. धुलाईघराच्या मुकादमाला हेच उमजेना. आपला संघ नाही, पोरगी खेळत नाही, मग बघायचं काय? "पंच म्हणजे भिंतीवरचं घड्याळ हो मावशी," तो म्हणाला. "बरोबर चाललं तर कोणी मान वर करून बघत नाही."

"मग घड्याळाच्या आईने तरी बघावं," मावशी म्हणाल्या.

खरं तर लेकीनेही आधी नकोच म्हटलं होतं. त्याला कारण होतं.

बारा वर्षांपूर्वी, शिट्टी एकोणीस वर्षांची असताना, मावशी तिचा एक सामना बघायला गेल्या होत्या. पुरुषांचा सामना, गावठी मैदान, कडेला दोरी बांधलेली. दोरीपाशी उभा असलेला एक आडदांड माणूस शिट्टीला पहिल्या मिनिटापासून घालूनपाडून बोलत होता. अर्धा तास मावशींनी दात आवळून ऐकलं. मग त्याने तिच्या आईचा उद्धार केला, आणि तिची आई तर तिथेच चार हातांच्या अंतरावर उभी होती. मावशी छत्री उगारून त्याच्यामागे धावल्या. तो दोरी ओलांडून मैदानात पळाला, त्याच्यामागे मावशीही. खेळाडू पोट धरधरून हसायला लागले. शिट्टीने खेळ थांबवला, धावत आली, आधी त्या माणसाला बाहेर काढलं आणि मग आईसमोर उभी राहिली.

"बाई, मैदानाबाहेर व्हा."

आई नव्हे, बाई. मावशी छत्री खाली करून बाहेर आल्या. संध्याकाळी घरी लेक जेवली, ताट उचललं आणि मग म्हणाली, "तू आत आलीस की मी पंच राहत नाही ग. कुणाची तरी पोर होते."

त्यानंतर मावशींनी एकही सामना पाहिला नाही. लेकीचा काळा सदरा त्या धुऊन, कडक इस्त्री करून ठेवत, आणि ती परतली की फक्त विचारत, पायाला काही लागलं नाही ना.

म्हणून या वेळी, बाहेरगावी पंचांच्या शिबिरात असलेल्या लेकीला फोनवर "मी येते" असं म्हटल्यावर ती समजावायला लागली होती.

"आई, तिथे साठ हजार माणसं असतात. काही मनाविरुद्ध झालं की सगळी मलाच शिव्या घालतात."

"परकी भाषा. मला कुठे कळतायत?"

"शिव्या कळायला भाषा लागत नाही."

"गप्प बसेन मी."

"तू?"

तो एकाक्षरी प्रश्न मावशींना फार लागला. पण त्यांनी तो गिळला आणि अटी विचारल्या. अटी दोनच होत्या. सामना संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, आणि जागेवरून उठायचं नाही. शिवाय सामन्याआधी भेट नाही, पंचांना वेगळं ठेवतात. भेटायचं ते थेट रविवारी सकाळी. मावशींनी सगळं कबूल केलं. चार दिवसांनी तिकीट आलं.

आणि आता या बोटांनी घोळ घातला होता.

धुलाईघरात बातमी पोहोचली तसं सगळ्यांनी मावशींच्या हातांचा ताबा घेतला. कालपर्यंत शंका काढणाऱ्या मुकादमाने स्वतः खुर्ची आणून स्वच्छ चादरींच्या कपाटापाशी ठेवली आणि दहा दिवस तिथे बसून फक्त तोंड चालवण्याचा हुकूम सोडला. मावशींनी सवयीने गरम चादरीला हात लावला की चारी बाजूंनी ओरडा होई. घड्यांच्या टेबलावरची त्यांची जुनी मैत्रीण, जिला सगळे घडीवाली म्हणत, रोज संध्याकाळी घरी यायची. भांडी घासायची, कपडे पिळायची, एक दिवस तर तिने मावशींना मोरीत बसवून त्यांचे केसही धुतले.

"लग्नात नाही झाले एवढे लाड," मावशी म्हणाल्या.

"गप बस. तिकडे गप बसायचंय ना? आत्तापासून सराव कर."

घडीवालीने प्रवासाचा सगळा आराखडाही बसवला. शुक्रवारी दुपारी विमान, शनिवारी संध्याकाळी सामना, रविवारी सकाळी लेकीची भेट, दुपारी परतीचं विमान, सोमवारी सकाळी सातला कामावर. विमानतळावरून कुठली गाडी, कितवं स्टेशन, मैदानाचं दार कुठलं, हे तिने आपल्या नातीकडून विचारून घेतलं आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं. ती स्वतः कधी जिल्ह्याबाहेर गेलेली नव्हती, पण तेवढ्या दिवसांत तिला ते परकं शहर गल्लीबोळासह पाठ झालं. मावशी चुकल्या तर ती घरबसल्या सांगू शकली असती.

अकराव्या दिवशी मावशी कचेरीत गेल्या तेव्हा त्याच कारकुनाने लांबूनच हात केला. डावा हात एका दमात पास झाला. उजवा अंगठा दोनदा अडला, तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. व्हिसा बुधवारी हातात पडला. शुक्रवारी मावशी विमानात होत्या.

मैदान त्यांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठं निघालं. आणि मधली ती काळ्या सदऱ्यातली बाई फारच लहान. मावशींची नजर आधी बाहीवर गेली. घडी बरी पडली होती, कुणीतरी मन लावून इस्त्री केली होती. मग मात्र त्यांनी दुसरीकडे पाहिलं नाही. चेंडू कुठे आहे, कोण पुढे आहे, याचं त्यांना देणंघेणं नव्हतं. बावीस जणी चेंडूमागे धावत होत्या आणि साठ हजार माणसं त्या बावीस जणींकडे बघत होती; एकट्या मावशी तेविसावीकडे बघत होत्या. ती कधी उलटी धावायची, कधी तिरकी, पण चेंडूच्या वाटेत एकदाही आली नाही. दोघी जणी एकमेकींवर धावून गेल्या तर ही मध्ये जाऊन हळू काहीतरी बोलायची आणि त्या मागे व्हायच्या. काय बोलली असेल? घरी तर चार शब्द बोलायला हिला दिवस लागतो.

यजमान संघ एका गोलने मागे होता. सामना संपायला दहाएक मिनिटं असताना त्यांची एक खेळाडू गोलच्या तोंडाशी आडवी झाली. सगळं मैदान पेनल्टीसाठी उठून उभं राहिलं. शिट्टीने दोन्ही हात आडवे फिरवले. काही नाही, खेळा पुढे.

मग जो गोंगाट झाला तो मावशींनी जन्मात ऐकला नव्हता. शेजारचा स्कार्फवाला गृहस्थ लालबुंद होऊन ओरडत होता, आणि लेक म्हणाली होती ते खरं होतं, भाषा लागत नव्हती. त्याच्या बोलण्यातला एक शब्द, आईचा, तर जगभर सारखाच असावा. त्याने मावशींकडे वळून, होय की नाही म्हणून हात उडवले. मावशींनी शालीचं टोक दातांत धरलं आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले.

खाली आठ जणींनी शिट्टीला घेरलं होतं. ती बरोबर होती की चूक, मावशींना कळायला मार्ग नव्हता. पण एवढ्या कल्लोळात ती एक पाऊलही मागे सरली नाही, आवाज चढवला नाही, कुणाला हात लावला नाही. नुसती उभी राहिली. हळूहळू ते कडं सैल झालं, खेळाडू पांगल्या, आणि तिने घड्याळाकडे पाहून खेळ सुरू केला. मावशींना वाटलं, ही माझ्या पोटची? मी असते तर छत्री शोधली असती.

यजमान हरले. शेवटची शिट्टी वाजली तशी माणसं वळून दारांकडे चालू लागली, जाताजाता खाली बघून ओरडत राहिली. खेळाडू आत गेल्या. सर्वांत शेवटी शिट्टी निघाली, चेंडू काखेत धरून, ना भराभर ना रेंगाळत. तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. तिने वरही पाहिलं नाही.

तेव्हा मावशी उठल्या. सामना संपला होता, अट संपली होती, पण त्यांनी हाक मारली नाही, हातही हलवला नाही. वरिष्ठ कुणी खोलीतून बाहेर जाताना उभं राहावं तशा त्या सरळ उभ्या राहिल्या, लेक बोगद्यात दिसेनाशी होईपर्यंत, आणि नंतरही.

रांगा रिकाम्या झाल्या. कचऱ्याची पिशवी आणि लांब झाडू घेऊन एक सफाईवाली बाई त्यांच्या रांगेत आली. रिकाम्या मैदानाकडे टक लावून उभी असलेली ही एकटी बाई पाहून ती थबकली, आणि खुर्च्यांखाली बोट दाखवून तिने खुणेनेच विचारलं, काही हरवलंय का?

मावशींनी मान हलवली. नाही, काही हरवलं नाही. मग त्या खाली बसल्या आणि तिचा झाडू नीट जावा म्हणून त्यांनी दोन्ही पाय वर उचलून धरले.