पुढच्या पट्ट्यांवर कुणी बसेना

मित्रांनो, चपला बाहेर काढा आणि या, बसा. मागे नको, पुढे बसा. का, ते शेवटी सांगते.

मी चिंचणीच्या अलीकडच्या एका गावातली, ग्रामपंचायतीची जुनी सतरंजी आहे. सोलापूरकडच्या एका मागावर माझा जन्म झाला. विणकर विणताना गुणगुणत असे. त्याचा सूर माझ्या धाग्यांत कुठेतरी अडकून राहिला आहे, असं मला अजून वाटतं. तांबडा पट्टा, निळा पट्टा, पुन्हा तांबडा. घडी होऊन कपाटात पडले की मला स्वप्नं पडतात आणि स्वप्नात हे पट्टे लांबत जातात. निळा खाडीला जाऊन मिळतो, तांबडा चिकूच्या वाड्यांमधून बोईसरकडे निघतो. मग कपाटाचं दार करकरतं, शिपाई धर्माजी मला खांद्यावर टाकतो आणि मी पुन्हा सभागृहाएवढी होते.

नवी होते तेव्हा लोक माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "काय रंग हाय!" माझ्यावर लसीकरणाची बाळं रडली, बचत गटाच्या बायका हसल्या, पुढारी भांडले. मी सगळ्यांना खालून ओळखते. खोटं बोलणारा सारखी मांडी बदलतो. घरी जायची घाई असलेला माझे दोरे उपसतो. आणि एक गंमत सांगू? माझी मागची कड पार विरली आहे, पुढचे पट्टे मात्र दुकानातून आत्ताच आणल्यासारखे. आमच्या गावात पुढे कुणी बसतच नसे. सगळ्यांत आधी आलेला माणूसही भिंत गाठून बसायचा. पुढे बसलं आणि साहेबांनी काही विचारलं तर?

एकदा मालगाड्यांच्या नव्या लोहमार्गाची सभा भरली. समोर खुर्च्यांवर साहेब, भिंतीवर नकाशा. नकाशात गावाच्या मधून उंच मातीचा भराव जात होता आणि त्याखालून माणसांसाठी एकच बोगदा होता, तोही पार डांबरी रस्त्यापाशी. रत्नाबाईचं घर भरावाच्या अलीकडे आणि तिची विड्याच्या पानांची वाडी पलीकडे. रोज सकाळी ती पाऊलवाटेने जाते, वेलींना पाणी देते, पानं खुडून आणते. तिचं घर त्यावरच चालतं. आता रस्त्याने एवढा मोठा वळसा पडणार होता की तिच्या दुखऱ्या गुडघ्यांना तो रोज झेपलाच नसता. वाडी तिथेच राहणार होती, पण तिच्या हातून सुटणार होती.

साहेबांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मागच्या कडेवर बसलेल्या रत्नाबाईने पदराला पीळ दिला. कुणीच बोललं नाही. चहाचं दुकान चालवणाऱ्या आत्मारामने तर टाळ्या वाजवल्या. चहा झाला, साहेबांच्या गाड्या निघाल्या.

मित्रांनो, आमच्या गावाची खरी सभा त्यानंतर भरते, माझी घडी घालताना. रत्नाबाईने माझं एक टोक धरलं, तिच्या जावेने, शैलाने दुसरं.

"आता वाडीत कशी जाशील गं?" शैला म्हणाली.

"उडत जाईन. पंख देतात का बघ."

"मग मगाशी बोलली का नाय?"

"तू बोलली? तुजा सगळा जीव त्या बिस्किटांच्या ताटात."

तेवढ्यात मोनाली मॅडम विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला परतल्या. नकाशा करणाऱ्यांपैकी त्या एक, पालघरहून आलेल्या. माझा मधला भाग खाली लोंबत होता, तो त्यांनी सहज उचलून धरला.

"मावशी, कुठल्या वाटेने जाता वाडीत?"

दोघींची नजर मॅडमच्या हातांकडे गेली.

"मी काही लिहून घेत नाहीये. घडी घालतेय," मॅडम हसल्या.

"ती काय, चिंचेखालची," रत्नाबाई हळूच म्हणाली. "पोरं शाळेला तिकडूनच, आमी वाडीला तिकडूनच."

"ती वाट नकाशात आलीच नाही. मगाशी का नाही सांगितलंत?"

"मगाशी तुमी वर खुर्चीवर होता."

मॅडम म्हणाल्या, "घडी मोडू या. परत अंथरा. आणि बाकीच्यांना बोलवा."

आत्मारामच्या दुकानावर रेंगाळलेलं गाव परत आलं. माझा मधला तांबडा पट्टा भराव झाला. चपलांची घरं झाली, चिंच म्हणून कुणीतरी छत्री ठेवली, आणि शैलाने चहाचा रिकामा पेला बोगदा म्हणून मांडला. मला वाटलं, मी कपाटातच आहे आणि स्वप्न बघते आहे.

आत्मारामने पेला आपल्या दुकानापाशी सरकवला. "हितं बरा. सावली हाय, चहा हाय."

"भावजी, मगाशी टाळ्या वाजवल्या ना? मग आता बोगदा कशाला?" रत्नाबाईने विचारलं.

"टाळ्या पावण्यांसाठी. बोगदा आपला हाय."

पेला खूप फिरला. रत्नाबाईनेही तो आधी आपल्याच परसदाराशी ओढला होता बरं का! मग शाळेतल्या पोरांच्या आया बोलल्या, पलीकडच्या पाड्यावरचे बोलले. पेल्यामागे सरकत सरकत सगळे कधी पुढे आले, त्यांनाही कळलं नाही. शेवटी रत्नाबाईने स्वतःच पेला उचलून छत्रीखाली ठेवला. "मला थोडं चालावं लागंल. पण सगळ्यांना गावंल."

तेव्हा ती माझ्या पहिल्या पट्ट्यावर बसली होती. तिथे पहिल्यांदाच मला माणसाची ऊब लागली.

"आज शब्द देत नाही," मॅडम म्हणाल्या. "साहेबांना घेऊन येते. तुम्ही त्यांना वाट चालून दाखवा."

ते आले, चालले, घामाघूम झाले. पुढे बरेच कागद हलले. आज भराव उभा आहे आणि चिंचेपाशी बोगदाही आहे. त्यातून रत्नाबाई पानांची टोपली घेऊन येते.

मग पंचायतीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी कपाटात गेले. उंदराने माझा एक कोपरा चाखला. बाहेर सभा भरत, आणि धर्माजी म्हणे, मागची रांग आधी भरते.

मित्रांनो, आम्हा सतरंज्यांना अधूनमधून ऊन दाखवा, झटका, फाटलं तर टाका घाला. तुमच्या गावातून मोठा रस्ता जाणार असेल, तर नकाशा पक्का व्हायच्या आधीच आम्हाला अंथरा. खुर्चीवर गाव मांडता येत नाही.

परवा बोगद्यात साचणाऱ्या पाण्यासाठी सभा होती. धर्माजी खुर्च्या लावायला लागला.

"त्या ऱ्हाऊ दे," दारातून रत्नाबाई ओरडली. "सतरंजी काढ."

मागे सगळी जागा मोकळी होती. ती गुडघ्यावर हात ठेवत सरळ पुढे आली आणि पहिल्या पट्ट्यावर बसली. तिथला एक दोरा आता विरू लागला आहे. मित्रांनो, काय सांगू, किती बरं वाटतं!