मऊ लागतंय

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. सोडू नकोस हं."

"धरलंय, बाबा. पण किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. लग्न झालं तरी धीर काही आला नाही तुला."

"होता तोही लग्नानंतर संपला," लेक गाडीतून म्हणाली. चाक काढलेल्या जागेशी उकिडवे बसलेले मास्तर गालातल्या गालात हसले.

मास्तर काम करायचे त्या गॅरेजला आज सुट्टी होती, म्हणून तर मदतीला लेकीला बोलावलं होतं. ब्रेकच्या तेलात हवा राहिली की ब्रेक लागत नाही, पायाखाली नुसती हवाच दबत राहते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल, म्हणजे एक पोकळ स्क्रू, जरासा सैल करायचा. मग नळीतून बाटलीत तेल येतं आणि त्याबरोबर बुडबुडे. लेक हे काम फ्रॉकात असल्यापासून करत आली होती. तेव्हा पाय पोचत नसे, म्हणून ती सीटवरून घसरत घसरत पेडलपर्यंत जायची आणि वर फक्त वेणीचं टोक दिसायचं.

आज ती ज्या गाडीत बसली होती ती तिच्या नवऱ्याची. लाल, दोन माणसांची, इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे जमिनीवरच बसणं. माहेरी येताना पिशव्या मांडीवर घ्याव्या लागायच्या. जावई शाळेत चित्रकला शिकवायचा. कुणाच्या तरी गोठ्यात सडत पडलेली ही गाडी त्याने आणली आणि तिचा पत्रा न् पत्रा स्वतः घासून नवा केला. लेक म्हणायची, "माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं असतं तर मी पण अशी चकचकीत झाले असते."

फक्त ब्रेक जुने होते. त्यांच्या घराकडचा रस्ता डोंगर उतरतो. दोन-चार वळणं झाली की जळका वास यायचा आणि पेडल खोल जायचं. जावयाने भीत भीत विषय काढला, तेव्हा मास्तरच म्हणाले, "जावईबापू, नवीन घ्यायच्या भानगडीत पडू नका. ह्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे ब्रेकचे कॅलिपर भंगारात बघितलेत मी. जबडाच मोठा, चकती अशी पकडेल की बस. मी बसवून देतो. माझी लेक बसते त्या गाडीत."

भंगारातल्या त्या भल्याथोरल्या गाडीवरून त्यांनी दोन्ही कॅलिपर स्वतः उतरवले. खडूने एकावर 'डावा' लिहिलं, दुसऱ्यावर 'उजवा'. घासून, धुऊन, नवी रबरं घालून आज बसवले, तेव्हा भोकाला भोक असं जुळलं की जणू ह्याच गाडीसाठी ओतले होते. मास्तर खूश होते. जावई तर त्यांच्याहून खूश. तो मागे उभा राहून फडकं, पाना, बाटली जे मागतील ते असं हातात देत होता, जणू ऑपरेशनच चाललंय.

"नळी स्वच्छ आहे. एक बुडबुडा नाही," मास्तर म्हणाले. "बघ आता पेडल कसं लागतंय."

लेकीने दाबलं. परत दाबलं.

"बाबा, मऊ लागतंय."

"मऊ?"

"दोन-तीनदा पटापट दाबलं की ठीक. मग जरा थांबून दाबलं की परत आत. स्पंजासारखं."

त्यांनी पुन्हा सगळं केलं. दाब, धर, सोड. बाटलीत स्वच्छ तेल आलं, बुडबुड्याचं नाव नाही.

"अजूनही मऊच आहे," लेक म्हणाली.

"हवा असती तर बुडबुडे आले असते ना, पोरी. तुझ्या पायाची सवय गेली आता."

एवढ्यात वरच्या मजल्यावर राहणारे गॅरेजचे मालक चहा घेऊन खाली आले. "कसली चर्चा? मास्तरांचा पाय लावा की! सुप्रीम कोर्ट जवळ असताना कज्जा कशाला?"

मास्तरांचा पाय म्हणजे त्या गॅरेजची मोहर होती. ब्रेकचं काम कुणीही केलेलं असो, गाडी बाहेर पडण्याआधी मास्तर बूट-मोजा काढायचे, आत बसायचे, डोळे मिटायचे आणि उघड्या तळव्याने पेडल दाबायचे. मग म्हणायचे, "कडक." किंवा म्हणायचे, "परत खोला." दुसरा शब्द नाही. एवढ्या वर्षांत तो पाय चुकलेला नव्हता.

आणि गेल्या हिवाळ्यापासून त्या पायाला काही कळत नव्हतं. साखरेचं दुखणं. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या, तेव्हा मास्तरांना वाटलं बरं झालं. एकदा कढत पाण्याच्या बादलीत त्यांनी पाय घातला आणि बायको किंचाळली तेव्हा कुठे खाली बघितलं. डॉक्टरांनी सांगितलं, अनवाणी फिरायचं नाही. घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता. गॅरेजमध्ये मास्तर वाकून, डॅशबोर्डखाली काहीतरी बघतोय असं दाखवून, पेडल हाताने दाबून बघायचे आणि मग पायाचं नाटक करायचे. चालून जात होतं.

आज मात्र जावई दाराशीच उभा होता, लेक शेजारच्या सीटवर सरकली होती, मालक चहा हातात धरून होते. वाकायला जागाच नव्हती.

मास्तरांनी बूट काढला, मोजा काढला. डोळे मिटले. पाय खाली गेला एवढं गुडघ्याला कळलं. तो कशावर गेला, किती गेला, तिथे काय होतं, काही नाही. पुसलेल्या पाटीसारखं.

त्यांनी मनात नळी आठवली. स्वच्छ होती. एक बुडबुडा नव्हता.

"कडक," मास्तर म्हणाले.

"ऐकलं का बाईसाहेब?" मालक लेकीकडे बघून हसले. लेकही हसली. "असेल बाई. माझाच पाय मऊ."

गॅरेजची एक रीत होती. ज्याने ब्रेकला हात लावला, त्याने पहिल्या फेरीला गाडीत शेजारी बसायचं. ही रीत मास्तरांनीच घातलेली. तेव्हा जावई चालवायला, मास्तर शेजारी, उजवा पाय अजून अनवाणीच. लेक दारात उभी राहून ओरडली, "हळू हं! माझी दोन्ही माणसं एकाच डबड्यात आहेत!"

सपाटीवर ब्रेक लागले. जावई एकदा, दोनदा दाबून बघत होता आणि लहान मुलासारखा हसत होता. मग पाण्याच्या टाकीकडचा उतार लागला. खाली वळण, वळणावर टाकीची दगडी भिंत. जावयाने ब्रेक दाबला. मास्तरांना त्याचा गुडघा सरळ होताना दिसला, पार सरळ, जिना उतरताना एक पायरी नसावी तसा.

"मामा," जावई म्हणाला. एवढंच. मास्तरांनी हँडब्रेक ओढला, गाडी फिरली, आणि भिंत जावयाच्या बाजूला आली.

मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही, असं सगळे म्हणाले. जावयाचा उजवा गुडघा चक्काचूर झाला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि बाहेर येऊन सांगितलं की जीवाला धोका नाही, काठी घेऊन चालतील, पण गुडघा आता वाकायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला, तेव्हा पहिलं काय बोलावं? "मामांना लागलं नाही ना?"

"त्यांना काय होतंय!" लेक म्हणाली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. "झालं तरी काय असं? गाडी काय आयुष्यात पहिल्यांदा चालवत होतात?"

"माझाच पाय चुकला गं. ब्रेक समजून क्लच दाबला असणार. एकदम खाली गेलं पेडल. मामांनी पास केलेला ब्रेक तसा जाईल का कधी?"

"दोन पेडलं ओळखता येत नाहीत आणि म्हणे शर्यतीची गाडी!" ती ओरडली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवली. "आता फळ्यापुढे कसे उभे राहणार आहात दिवसभर? मी सांगत होते, विका ते डबडं, विका. माझं ऐकायचंच नाही कुणी!"

"चुकलं," जावई म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले. "चुकलं माझं."

मास्तर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. घशात शब्द आला होता, अगदी दाताशी. तेवढ्यात नर्स आली, म्हणाली गर्दी करू नका, आणि मास्तरांनी आज्ञाधारकपणे तोंड मिटलं. इतक्या तत्परतेने त्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने त्यांचे मोजे काढले. उजवा निघेना. रक्त वाळून तो तळव्याला चिकटला होता. आत काचेचा तुकडा रुतलेला, बोराच्या बीएवढा.

"कालपासून चालताय ह्याच्यावर?"



तिने काच काढली, जखम धुतली. काम करताना ती बोलत होती, पण वर बघत नव्हती. "पोरगी सांगत होती मला. म्हणाली, मी बाबांना म्हटलं होतं मऊ लागतंय. मग स्वतःच म्हणाली, पण माझंच चुकलं असेल." पट्टीची गाठ मारून ती थांबली. "कुठल्या पायाने बघितलंत हो तुम्ही?"

"नळीत बुडबुडा नव्हता," मास्तर म्हणाले.

"मी नळीचं विचारलं नाही."

सकाळी ते गॅरेजमध्ये गेले. लाल गाडी मागच्या पत्र्याखाली ओढून आणून ठेवली होती. मास्तर चाकापाशी बसले आणि त्यांना ते दिसलं. शोधावं लागलं नाही. नाकासमोरच होतं.

निपल खाली होतं.

हवा वर चढते. म्हणून निपल नेहमी कॅलिपरच्या वरच्या अंगाला असतं. त्या भल्याथोरल्या गाडीत कॅलिपर चाकाच्या मागच्या बाजूला बसायचा, ह्या गाडीत पुढच्या. डावा कॅलिपर डावीकडेच लावला तर तो इथे उलटा होतो. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावायला हवा होता. त्यांनी स्वतःच्या खडूवर विश्वास ठेवला होता. तळाच्या निपलमधून स्वच्छ तेल येत राहिलं आणि हवा वर निवांत बसून राहिली. लेकीच्या पायाला ती लागली होती. मऊ, स्पंजासारखी. हातानेसुद्धा कळली असती.

"मी कालच बघितलं," मालक मागून हळू आवाजात म्हणाले. ते तिथे केव्हापासून उभे होते कोण जाणे. "मास्तर, बदलून टाकू या. डावा तिकडे, उजवा इकडे. अर्ध्या तासाचं काम. जावई तर स्वतःच म्हणतोय, पाय चुकला. कशाला उगाच? तुमचं नाव म्हणजे गॅरेजचं नाव. इथे पाच घरांची चूल पेटते त्यावर."

त्यांनी पाना पुढे केला. मास्तरांनी तो घेतलाही. सवयीने हातात तोलला. ह्या पान्याने किती गाड्या उघडल्या असतील. मालक वाईट माणूस नव्हता. मास्तरांच्या मागच्या एका आजारपणात त्याने पगार कापला नव्हता.

"चूल तुमची पेटेल," मास्तर म्हणाले. "माझी लेक मात्र रोज नवऱ्याला बोलेल. जन्मभर. आणि तो ऐकून घेईल." त्यांनी पाना फडक्यात पुसला आणि जागेवर टांगला. "हात लावू नका कुणी गाडीला."

लेक दुपारी आली. नवऱ्याचा चष्मा गाडीत राहिला होता, तो न्यायला. चष्मा सीटखाली सापडला, एक काच शाबूत होती. तिने तो पदराने पुसला आणि पर्समध्ये ठेवला.

"इकडे ये जरा," मास्तर म्हणाले. "खाली बस. हे बघ. निपल कुठंय?"

फ्रॉकात असल्यापासून बघत आलेली पोर. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने त्या खालच्या तोंडावर बोट टेकवलं.

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

"म्हणाली होतीस."

"मी त्यांना काय काय बोलले, बाबा. ते पडलेत तिथे, आणि मी..." तिने वर बघितलं. "पण तुम्ही स्वतः बघितलंत की! डोळे मिटून. तुमच्या पायाला कळलं नाही?"

"नाही कळलं."

"असं कसं? तुमच्या पायाला?"

"ह्या पायाला हिवाळ्यापासून काहीच कळत नाही, पोरी. मी कुणाला बोललो नाही. आता जावईबापूंना सांगतो. मीच सांगतो. चल, तुझ्याबरोबरच येतो."

ती उठली नाही. तिने तिथलं स्टूल ओढलं. "बसा." मास्तर बसले. तिने त्यांचा बूट सोडला, मोजा काढला, बायकोने बांधलेली पट्टी बघितली आणि पाय आपल्या मांडीवर घेतला. तेलकट फरशीवर, चांगल्या साडीनिशी.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "पेडल बघताना मिटता ना, तसे. आणि खरं सांगायचं."

मास्तरांनी डोळे मिटले. पुढच्या अंगणात कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तो आवाज थांबला. मालकच असणार. मास्तरांनी सगळं लक्ष खाली नेलं, जिथे पाय असायचा तिथे.

"आता सांगा, धरलंय की सोडलं?"

त्यांनी वाट बघितली. घाई केली नाही.

"सोडलंयस," मास्तर म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. लेकीने दोन्ही हातांनी त्यांचा पाय घट्ट धरला होता. बोटं पांढरी पडेपर्यंत.