पान न ठेवलेला डबा

लेइमोमीने दोन काटे घेतले आणि स्लो कुकरमधला डुकराचा खांदा मोकळा करायला सुरुवात केली. रात्रभर मिठात आणि धुराच्या अर्कात शिजलेलं मांस काटा लागताच दोरे होऊन सुटत होतं. आज ते इतक्या सहज सुटायला नको होतं. ते संपलं की निघायचं होतं.

"आई, आटप ना! विमान तुझ्यासाठी थांबणार नाहीये," कानोए दारातून ओरडली.

कानोएचा नवरा काइपो आधीच लास वेगासला गेला होता. तिथे नोकरी होती, परवडेल असं घर होतं. आता लेक आणि छोटी नात माहेआही बेट सोडून निघाल्या होत्या, कायमच्या. सुट्टीत येऊच की, असं कानोए म्हणायची. शेजारपाजारची पोरंही हेच म्हणून गेली होती आणि कुणाचंही तोंड पुन्हा दिसलं नव्हतं.

"काइपोच्या डब्यात वर पान ठेवलंस ना? पालीचा घाट ओलांडायचाय."

"ठेवलंय गं. मला शिकवतेस?"

कुकरमध्ये मांसाखाली अंथरलेली टी नावाच्या झुडपाची रुंद पानं लेइमोमीने कधीच कचऱ्यात टाकली होती. नवं पान तोडायला दारातल्या झुडपाकडेही ती फिरकली नाही. तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं, डबा गाडीत ठेवला आणि स्वतः चालवायला बसली.

घाट लागला तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं.

"टूटू, डब्यात पान कशाला?" मागून माहेआने आजीला विचारलं.

"पेलेदेवीचं आणि डुक्करदेवाचं भांडण आहे ना, बाळा. घाटाच्या अलीकडे तो, पलीकडे ती. त्याचं मांस तिच्या हद्दीत नेलं की ती गाडी बंद पाडते. पान असलं तर जाऊ देते."

"चला, म्हणजे आपण सुटलो," कानोए हसली.

लेइमोमीला हसू आलं नाही. आजवर तिने देवीकडे काही मागितलं नव्हतं. आज ती वळणावळणाला मागत होती. अडव. आता तरी अडव. माझी लेक चालली गं. पण एरवी चढावर खोकणारी जुनी गाडी आज शहाण्या मुलीसारखी वर चढत होती. बोगदे आले आणि गेले. उतार लागला, खाली होनोलुलूचे उंच मनोरे दिसू लागले. देवीला काही ऐकू गेलं नव्हतं, की ऐकूनही तिने कानाडोळा केला होता, कोण जाणे.

लेइमोमीने गाडी कडेला घेतली आणि ब्रेक दाबून धरला.

"काय झालं?" कानोएने विचारलं.

"बंद पडली."

"पण आवाज येतोय की!" माहेआ म्हणाली.

कानोएने आईच्या हातांकडे पाहिलं. स्टिअरिंगवर आवळलेली बोटं पांढरी पडली होती. आई नुसती समोर बघत होती.

कानोएने हात पुढे करून चावी फिरवली. इंजिन थांबलं.

"हो, बंदच पडली," ती माहेआला म्हणाली. मग तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"पाच मिनिटं, आई. मग मी चालवते."