हिरव्या ठिपक्याची शिरणी

मित्रांनो, कोपऱ्यात काच तडकलेला आणि पाठीला रबर गुंडाळलेला असा मी एक जुना मोबाइल आहे. महाडजवळच्या तुडील गावात महरुन्निसाच्या उशाशी असतो. हाक मारलीत तर लगेच ओ देणार नाही. तेवढं वय झालं आहे.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जन्मले, पण नशीब माझंच थोर! महाडच्या बाजारातून जुल्फिकारने मला घेतलं आणि बायकोच्या हाती देऊन तो आखातातल्या मालबोटीवर इंजिनाच्या कामाला गेला. त्याचा आवाज घरात आणायचा, हे माझं काम. लेक अलीशबाने माझ्यात जहाजांचा नकाशाही घातला. अब्बांची बोट म्हणजे त्यातला हिरवा ठिपका. "आमच्या मोबाइलला सगलं म्हायत हाय," असं महरुन्निसा शेजारच्या ललिताला सांगायची आणि मी फुगून जायचो.

घराची एक रीत होती. बोट बंदराला लागली की शिरणी, म्हणजे शुकराण्याचं गोड, वाटायची, पण जुल्फिकारने स्वतःच्या तोंडाने "पोचलो गो" म्हटल्यावरच.

मग तिकडे दोन देशांचं बिनसलं. तोफा धडाडल्या नाहीत. संगणकापुढे बसलेल्या माणसांनी एकमेकांची बंदरं बंद पाडली, फोन अडवले आणि जहाजांना जागा सांगणाऱ्या आकाशातल्या उपग्रहांच्या खुणांत खोट्या खुणा मिसळल्या. बोटी असायच्या एकीकडे आणि दिसायच्या भलतीकडे. आम्हाला हे कुठून कळणार?

जुल्फिकारचा फोन लागेना. महरुन्निसा मला हातातून खाली ठेवेना. अशात एका संध्याकाळी ठिपका बंदरात जाऊन थांबला.

"अम्मी, लागली बोट!" अलीशबा ओरडली.

"पन त्यांचा आवाज नाय आला गो."

"तिकडं फोनच बंद हायत. ठिपका काय खोटं बोलंल?"

महरुन्निसाने मला ओठांना लावलं आणि कढई चढवली. शिरणी घरोघर गेली. त्या दिवशीइतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सकाळी जुल्फिकारचा निरोप माझ्यात उतरला. आदल्या दुपारी बोललेला, वाटेत कुठेतरी अडकून पडलेला. "नकाशा आमाला बंदरात दाखवतोय नि समोर नुसतं पानी हाय. धुकं पन पडलंय. तू ठिपक्यावर जाऊ नको गो. मी बोलन तवाच शिरणी वाट."

पाठोपाठ कंपनीचा फोन आला. धुक्यात दोन बोटी आदळल्या होत्या. इंजिनाच्या खोलीतून जुल्फिकार वर आलाच नव्हता. त्याच वेळी ललिता शिरणीची वाटी परत द्यायला दारात उभी होती. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिने तिच्यात साखर घातली होती.

दोन्ही देशांनी हात झटकले. आम्ही नव्हेच, म्हणाले. मोठमोठ्या सभांत चिंता व्यक्त झाली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. जुल्फिकार तर तिसराच होता ना?

आता माझी बॅटरी फुगली आहे. कौतुक कधीच संपलं, नकाशा तर अलीशबाने पुसूनच टाकला. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण उद्या तुमच्यापैकी कुणी त्या संगणकांपुढे बसेल. कळ दाबण्याआधी एवढं आठवा, की प्रत्येक ठिपक्याच्या पोटात माणसं असतात आणि त्यांच्या आवाजाची कुणीतरी वाट पाहत असतं.

महरुन्निसा मला टाकू देत नाही. रोज दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की ती तोच निरोप लावते. "मी बोलन तवाच शिरणी वाट," तो म्हणतो.

"नाय वाटत," ती मला म्हणते. "तुमी बोला."