चौथी चाचणी

जयवंतने टेपरेकॉर्डर बंद केला आणि माइकची वायर गुंडाळायला घेतली.

"थांबा," हैबतराव ढमाले म्हणाले. "शेवटचा प्रश्न राहिला."

"भरपूर मिळालं, साहेब. जागेत मावणार नाही."

"मी तुमचं सदर वाचतो, जयवंतराव. मला बनवू नका."

ओसरीसमोर मुळशी धरणाचं पाणी भर दुपारी हलायचं थांबलं होतं. पलीकडच्या डोंगराचं प्रतिबिंब त्यात दगडासारखं बसलं होतं. हैबतरावांनी पुण्यात गणकयंत्रांचा कारखाना काढला, नावारूपाला आणला आणि एके दिवशी तो विकून ते इथे विधवा बहिणीजवळ येऊन राहिले. नव्या उद्योगातली कोणती माणसं बोलती करावीत, असं संपादकांनी विचारलं तेव्हा जयवंतने म्हातारीच माणसं निवडली होती. तरुण कारखानदार फक्त मालाबद्दल बोलत.

प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी जाड रेघांच्या चौकटीत एकच प्रश्न असे : कोणतं काम राहून गेलं? रेडिओ बनवणाऱ्याने उत्तर दिलं. टेलिफोन एक्स्चेंज उभारणाऱ्या बाईंनी दिलं. बँकेत पहिला संगणक बसवणाऱ्यानेही दिलं. तिघांच्या मुलाखती छापून आल्या आणि तिघेही आठवडाभरात गेले. संपादक म्हणाले, म्हातारी माणसं गाठल्यावर दुसरं काय होणार? जयवंतने मान डोलावली होती. पण कचेरीत त्याने कुणाला सहज काही विचारलं, तरी समोरचा हसून हात जोडू लागला होता.

"एकदा झालं तर योगायोग," हैबतराव म्हणाले. "तीनदा झालं की यंत्र उघडून बघावं लागतं. चौथी चाचणी माझ्यावर घ्या."

"काहीतरीच काय, साहेब."

"घाबरलात?"

आतून गोजराबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवताना बशीत चहा सांडला.

"दादा, गप बस की जरा. म्हातारचळ लागलाय तुला."

"तू मधी पडू नगंस, गोजरा."

"पडनार! मागं मी एकलीनं ह्या पान्याकडं बघत बसू व्हय?"

हैबतराव हसले, पण त्यांची नजर जयवंतवरून हटली नाही. जयवंतने घाईघाईने चहा संपवला. जीभ पोळली.

फाटकापर्यंत गोजराबाई त्याच्यामागे आल्या.

"इचारलं न्हाई न्हवं?"

"नाही, मावशी."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच. लई उपकार झालं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "सकाळधरनं नवं धोतर नेसून बसलाय. मला म्हनतो, आज पावनं येनार हायेत."

पौडपर्यंत एसटीत जयवंत खिडकीला डोकं टेकून बसला. एक माणूस वाचवल्यासारखं त्याला हलकं वाटत होतं, आणि आपण असलं काही मानतो याची लाजही वाटत होती.

शनिवारी संध्याकाळी पुरवणीचं पान लागत होतं. जुळारीखात्याचे फोरमन कोंडाजी ओलं प्रूफ घेऊन वर आले.

"चौकट मोकळी हाय, साहेब."

"या खेपेला नको चौकट."

"मग तेवढ्या जागेत काय घालू? खाली यंत्र थांबलंय. दोन ओळी द्या, कसल्याबी."

जयवंतने प्रूफ पुढे ओढलं. रोजच्या सवयीने पेन चाललं. थोरल्या भावाशी एका शब्दावरून बोलणं टाकलं, ते पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. त्याने ओळ वाचलीसुद्धा नाही. कोंडाजी जिना उतरून गेले. प्रश्न विचारलाच नाही, मग उत्तर कुणाला बाधणार, असं तो स्वतःला सांगत राहिला.

रविवारी सकाळी कचेरीत मुळशीचा ट्रंककॉल आला. हैबतरावांचा आवाज खणखणीत होता.

"जिवंत आहे बरं का मी! छान लिहिलंत. कारखान्याचा भाग तर उत्तम."

"आभारी आहे, साहेब."

"फक्त ते शेवटचं. मला भाऊ कधी नव्हता हो. आम्ही दोघंच, मी आणि गोजरा."

जयवंतने टेबलावरचा अंक ओढला आणि चौकटीतली ओळ पहिल्यांदाच वाचली.

"गडबडीत चूक झाली. उद्या दुरुस्ती छापतो."

"दुरुस्ती नका छापू. चाचणी बिघडेल." पुढचं हैबतराव अगदी हळू, जवळ येऊन बोलल्यासारखं बोलले. "उत्तर खरं आहे, ते वाचताच कळतं. कुणाचं आहे?"

तारेत बारीक खरखर चालू होती. मग पलीकडून, फोनपासून लांब, गोजराबाईंचा आवाज आला.

"दादा, ठिव तो फोन. त्यांना भावाकडं जाऊ दे."