हाडांच्या राखेतला आकडा

मित्रांनो, माझ्या पोटात एक ज्वाला जळायची. राख असो वा रक्त, आम्लात विरघळवून तिच्यात सोडायचे. त्यात कोणता धातू किती आहे, ते मी सांगायचे. कॅनडातल्या विनिपेगच्या एका प्रयोगशाळेत मी अठरा वर्षे हेच काम केले. माझ्या नळ्या तिथला मदतनीस रोदेल धुवायचा. रोज, न चुकता.

हालिना तिथली संशोधक. तिच्या भावाची, बोहदानची, मूत्रपिंडे निकामी झाली होती. अशातच एमआरआयच्या वेळी त्याच्या शिरेत गॅडोलिनियम हा धातू दिला गेला. त्याने शरीरातल्या गाठी उजळून दिसतात. तो रेणूच्या पकडीत जखडलेला असतो आणि लघवीतून निघून जातो. बोहदानच्या अंगात मात्र तो राहिला. पकड सुटली. त्याची कातडी लाकडासारखी कडक झाली, बोटे मिटली ती उघडलीच नाहीत.

म्हणून हालिनाने निसर्गात नसलेले एक प्रथिन संगणकावर आखले. त्याच्या घडीत या धातूपुरती खोबण होती, धातू तिच्यातून शरीरात सुटू नये अशी. सहा वर्षे गेली. परीक्षानळीत पकड पक्की ठरली, तेव्हा माझ्या आकड्यांसमोर उभे राहून सगळ्यांनी केक खाल्ला.

मग त्या प्रथिनात जखडलेला धातू टोचलेल्या, मूत्रपिंडे बंद पाडलेल्या उंदरांची हाडे आली. जाळलेली, विरघळवलेली. मी आकडा दिला. चार उंदरांच्या हाडांत धातू होता, म्हणजे प्रथिनाची पकड सुटली होती.

"यंत्र म्हातारं झालंय," हालिना म्हणाली. "रोदेल, नळी धुतली होतीस ना?"

"दोनदा धुतली. हवं तर तिसऱ्यांदा धुतो, पण आकडा काही धुऊन जायचा नाही."

तिने तीनदा मोजायला लावले. विभागप्रमुख म्हणाले, "वसंतात माणसांवर चाचणी आहे. ते चार उंदीर वगळ. बिघडलेलं यंत्र म्हणून लिही."

मी बोलू शकत नव्हते. मित्रांनो, खोटारडे ठरणे फार वाईट.

हालिनाने तीच राख दुसऱ्या शहरात पाठवली. तिथल्या नव्या यंत्रानेही तोच आकडा दिला. तिने तो अहवालात लिहिला. चाचणी रद्द झाली, काम बंद पडले.

एका रविवारी ती बोहदानला चाकाच्या खुर्चीतून माझ्यासमोर घेऊन आली.

"तर धातू सुटला?" त्याने विचारले.

"सुटला."

"माझंही हाड घाल यात."

"जाळावं लागतं, वेड्या."

"मग मेल्यावर घाल. मला घाई नाही."

ती हसली आणि हसता हसता रडू लागली. त्याने मिटलेली मूठ तिच्या डोक्यावर टेकवली. "मला ती सुई टोचण्याआधी उंदरांची हाडं कुणी अशी पाहिली असती ना, हालिना, तर मी आज स्वतःच्या हातानं सूप प्यालो असतो. रडतेस काय?"

मार्चमध्ये बोहदान गेला. हालिना पुन्हा प्रयोगशाळेत आली नाही.

उद्या मला भंगारात नेणार आहेत. आज रोदेलने माझी ज्वाला विझवली. त्याआधी नळ्या धुतल्या, अगदी उद्या नमुना यायचा असावा तशा. मित्रांनो, मोजणारी वस्तू स्वच्छ ठेवा. आणि तिने नको तो आकडा दिला, तर तो खोडू नका. शिरेत सुई टोचून घ्यायला कुणीतरी हात पुढे करून बसलेले असते.